कपाटबंद सुदामा

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा विनोद आतां शिळा झाला, असें म्हणण्याचा प्रघात आपल्या सुशिक्षित मंडळींत पडून गेला आहे. असें म्हणणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं 'सुदाम्याचे पोहे' एखाद्या पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यापलीकडे चाखलेले नसतात. त्यांना मी फारसा दोष देत नाहीं. कारण वाचावयाचें मनांत आणलें तरी त्यांच्या हातीं पडतें काय? कोणत्या तरी निवडक संग्रहांत कालक्रम मोडून बसविलेले चारदोन लेख, आणि त्यांच्या डोक्यावर संपादकाचा अभिप्राय. दुसऱ्या बाजूस कांहीं थोडे गृहस्थ असे आहेत कीं, ज्यांच्या कांचेच्या कपाटांत या पुस्तकाची १९१० सालची पहिली आवृत्ति उभी आहे. हे गृहस्थ कोल्हटकरांस शिळे म्हणत नाहींत. ते कोल्हटकरांस उघडीतच नाहींत. या दोन पक्षांच्या कचाट्यांत आपला आद्य विनोदकार सांपडला आहे. माझें भांडण दोघांशींही आहे. पण कपाटवाल्यांशीं अधिक आहे, हें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे पुढें कोणाचा गैरसमज व्हावयाचा नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. कोल्हटकरांचा जन्म १८७१ मधील, नागपूरचा. वकिली वऱ्हाडांत, खामगांव व जळगांव-जामोद या बाजूस. १८९६ मधील 'वीरतनय' नाटकानें त्यांचें नांव झालें होतें, आणि ग्रंथपरीक्षक म्हणूनही त्यांची लेखणी लोकांना ठाऊक होती. अशा माणसानें १९०२ सालीं 'साक्षीदार' नांवाचा लेख लिहून तो 'विविधज्ञानविस्तारा'त छापविला. 'विस्तार' हें १८६७ पासून चालत आलेलें भारदस्त मासिक. इतिहास, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, परीक्षणें अशा गंभीर पाहुण्यांच्या पंक्तींत ही थट्टेची पत्रावळ अचानक मांडली गेली. वकिलास साक्षीदाराचें दर्शन रोजचेंच. परंतु रोजच्या दर्शनांतून वाङ्मय निघूं शकतें, आणि तें कोणास शिव्या न देतां निघूं शकतें, ही गोष्ट मराठी वाचकास त्या दिवसांत नवीन होती. पुढच्या लेखांतून सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हें त्रिकूट उभें राहिलें. सुदामा रूढीची बाजू घेतो, आणि ती इतक्या भाबड्या उत्साहानें घेतो कीं, रूढीलाच लाज वाटावी. कोल्हटकरांनीं पुढें कादंबऱ्याही लिहिल्या. १९२५ च्या सुमारास 'दुटप्पी कीं दुहेरी' व 'श्यामसुंदर' या निघाल्या. त्या कादंबऱ्यांसाठीं आज कोणी तलवार उपसणार नाहीं. धार आहे ती या आरंभींच्या उपहासांत.

आतां पुस्तकाच्या नांवाकडे वळूं, कारण माझा निम्मा पुरावा त्या नांवांतच आहे. १९१० च्या पुस्तकाचें पूर्ण नांव 'सुदाम्याचे पोहे अर्थात् अठरा धान्यांचें कडबोळें'. लेख अठरा. १९२३ सालीं वाढवून काढलेल्या आवृत्तीचें नांव 'सुदाम्याचे पोहे अर्थात् साहित्यबत्तिशी'. लेख बत्तीस. अठरा धान्यांचें कडबोळें हा आपल्या घरांतला शब्दप्रयोग; जेथें कशाचा कशाला मेळ नाहीं तेथें आपण तो वापरतों. म्हणजे लेखकानें आपल्याच पुस्तकास घरगुती, विसंगत आणि गरिबाघरचें ठरविलें होतें. तेरा वर्षांनीं तोच सुदामा 'सिंहासनबत्तिशी'च्या बत्तीस पुतळ्यांची आठवण करून देणाऱ्या नांवानें वाचकांपुढें आला. पुरचुंडीपासून सिंहासनापर्यंतचा हा प्रवास ज्यास ठाऊक नाहीं त्यास दुसऱ्या नांवांतील कोटी अर्धीच कळते. आणि हा केवळ कोटीचा प्रश्न नाहीं. मधल्या तेरा वर्षांत महायुद्ध होऊन गेलें. टिळक १९२० सालीं गेले. कोल्हटकरांस गुरु मानणारे राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नांवानें विनोद लिहून १९१९ च्या जानेवारींत निघूनही गेले. १९२३ चा वाचक गडकऱ्यांच्या हातून हंसावयास शिकून मग कोल्हटकरांकडे आला होता. १९१० चा वाचक रिकाम्या हातानें आला होता. बत्तीसांपैकीं कोणते अठरा त्या पहिल्या वाचकाच्या पानांत वाढले गेले आणि कोणते चौदा मागाहून आले, हें ठाऊक असल्यावांचून कोल्हटकरांनीं काय धाडस केलें याचें माप घेतां येत नाहीं. कॉलेजच्या परीक्षेंत आम्ही 'कोल्हटकरांच्या विनोदाचे विशेष सांगा' असा प्रश्न घालतों. त्या प्रश्नास साल नसतें, आणि विद्यार्थ्याच्या उत्तरासही नसतें.

यावर एक ठराविक आक्षेप येतो. खरा विनोद कालातीत असतो, त्यास सालाची आणि आवृत्तीची कुबडी कशास? विनोदाबद्दल हें कदाचित् खरें असेल. उपहासाबद्दल मुळींच खरें नाहीं. उपहासाचा लेख म्हणजे पत्ता लिहून टाकलेलें पत्र. तें कोणास लिहिलें, कोणत्या दिवशीं टाकलें, हें पाकिटावर असतें. आपले संकलनकार पत्र ठेवतात आणि पाकीट फेकून देतात. आपले संग्राहक पाकीट जपतात आणि पत्र उघडीत नाहींत. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्या लोकांवर ग्रामण्य झालें व प्रायश्चित्ताचा खल दोन वर्षें चालला. त्या वेळीं कोल्हटकर विशींच्या उंबरठ्यावर होते. ज्या समाजांत एका पेल्यावरून धर्मसभा बसत असे, त्या समाजापुढें सुदामा भोळेपणाचें सोंग घेऊन उभा आहे. आजच्या विद्यार्थ्यास चहाच्या टपरीवर बसून तो लेख वाचतांना त्यांतली जोखीम कोठून दिसणार? अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'चीही तीच कथा. रविकिरण मंडळाच्या काव्यपद्धतीची तोंडओळख नसलेला विद्यार्थी तें विडंबन वाचून हंसतो, पण कशास हंसलास म्हणून विचारलें तर खालीं पाहतो.

इंग्रजींतील एक उदाहरण देतों. पी. जी. वुडहाउस हा पुढें जगभर गाजलेला विनोदी कादंबरीकार. त्याचें 'द स्वूप' नांवाचें चिमुकलें पुस्तक १९०९ सालीं, म्हणजे आपल्या सुदाम्याच्या आदल्याच वर्षीं, एक शिलिंगास निघालें. त्या काळीं इंग्लंडांत परचक्राच्या भीतीचें वेड पसरलें होतें; जर्मन फौजा उतरल्याच, अशा थाटाच्या कादंबऱ्या व नाटकें निघत होतीं. वुडहाउसनें एकदम नऊ सैन्यें इंग्लंडवर उतरविलीं, इंग्रज लोकांना क्रिकेटच्या आंकड्यांतून मान वर काढावयास फुरसत नाहीं असें दाखविलें, आणि देश वाचविण्याचें काम एका बालवीराकडे सोंपविलें. पांच वर्षांनीं खरें महायुद्ध पेटलें आणि थट्टेचा रंगच पालटला. त्या पुस्तकावरचें १९०९ हें साल पुसून टाका. जें उरतें तें एक पोरकट चऱ्हाट. साल ठेवा; तो एका राष्ट्राच्या बागुलबोवास मारलेला टोला ठरतो. विलायतेंतील जाणते वाचक ती जुनी प्रत शोधतात ती याचसाठीं.

कोल्हटकर एका बैठकींत वाचवत नाहींत, कोट्यांचा कंटाळा येतो, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. सलग चार लेख वाचले कीं माझेंही डोकें भणभणतें. पण ते लेख सलग वाचण्यासाठीं लिहिले होते कोठें? ते मासिकांतून सुटे सुटे आले. वाचकानें एक वाचावा, दुसऱ्यास वाचून दाखवावा, कोणी चिडावें, कोणी उत्तर द्यावें, आणि मग पुढचा अंक यावा, असा तो बेत. मिरचीचें लोणचें भाताच्या कडेला वाढतात; तेंच ताटभर वाढून सुग्रणीस नांवें ठेवण्याचा प्रकार आपण करतों. मासिकाचा अंक हातांत घेतला कीं हें आपोआप कळतें. मागें कोणता गंभीर निबंध होता, पुढें कोणाचें परीक्षण होतें, वेष्टनावर कोणत्या औषधाची जाहिरात होती. परंतु आमच्या वाचनालयांनीं जुन्या मासिकांचे खंड बांधतांना पहिली कात्री चालविली ती वेष्टनांवर. अंकाची तारीख बहुधा त्या वेष्टनावरच. बाइंडरानें कडा कापल्या, जाहिराती फेकल्या, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत सालाचा नुसता आंकडा घातला.

चिंतामण विनायक जोशांचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. १९३२ सालीं त्यांचें 'एरंडाचें गुऱ्हाळ' निघालें, १९३३ सालीं 'चिमणरावाचें चऱ्हाट'. चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे मराठी मध्यमवर्गाचे जणूं चुलतभाऊच झाले. हेच जोशी बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते, आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठीं त्यांनीं 'सद्धम्मप्पकासिनी' या टीकाग्रंथाचें संपादन केलें. पहिला खंड निघाला १९३३ सालीं, म्हणजे चऱ्हाटाच्याच वर्षीं; तिसरा १९४७ सालीं. हस्तलिखितें ताडून पाहावयाचीं, एकेका शब्दाचा पाठभेद तळटीपेंत नोंदवावयाचा, असें तें काम. ज्या विद्वानानें शेंकडों वर्षांपूर्वींच्या एका भाष्यकाराच्या शब्दास इतकें जपलें, त्याच्या स्वतःच्या चिमणरावाची जी प्रत घरोघर असते तिच्यांत कोणता लेख कोणत्या मासिकांत, कोणत्या सालीं प्रथम आला, याचा बहुधा उल्लेखही नसतो. पालीसाठीं जें शास्त्र, तें मराठी विनोदासाठीं कां नसावें? विनोद हलका म्हणून? मग त्यावर पीएच. डी. च्या प्रबंधांचे भारे कां वाहतां?

आतां कपाटवाल्यांकडे येतों. १८६७ पूर्वींच्या मराठी छापील पुस्तकांना आपण 'दोलामुद्रितें' म्हणतों, आणि तीं जपण्याचें काम मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनीं आस्थेनें केलें. शंकर गणेश दात्यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि तयार केली. एका माणसाच्या जिद्दीचा एवढा मोठा पुरावा मराठींत दुसरा दाखवितां येणें कठीण. हे दोन्ही उद्योग पुस्तक लोकांना सांपडावें म्हणून झाले. खासगी संग्राहकाचा उद्योग उलट दिशेचा असतो. त्याच्या प्रतीचें मोल दुसऱ्यापाशीं ती नसण्यांत असतें. मराठवाड्यांतीलच एका सद्गृहस्थाकडे सुदाम्याची पहिली आवृत्ति असल्याचें कळल्यावरून मीं त्यांस दोन पत्रें लिहिलीं. उत्तर मोठें आर्जवी आलें: प्रोफेसरसाहेब, अवश्य या, पुस्तक पाहा, परंतु कृपा करून उघडूं नका. सुदाम्यानें पोहे काखेंत लपविले तेव्हां निदान ते हिसकून घ्यावयास कृष्ण तरी होता.

या हव्यासाची परिणति कोठवर जाते, तेंही इंग्रजांनीं दाखविलें आहे. टॉमस वाइज हा लंडनचा नामांकित संग्राहक आणि सूचिकार. दुर्मिळ पहिल्या आवृत्त्यांच्या बाबतींत त्याचा शब्द प्रमाण. १९३४ सालीं जॉन कार्टर व ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनीं कांहीं प्रसिद्ध 'पहिल्या आवृत्त्यां'चा कागद तपासून घेतला. एलिझाबेथ ब्राउनिंगच्या सुनीतांची १८४७ ची म्हणून मिरविली जाणारी आवृत्ति ज्या लगद्याच्या कागदावर छापली होती, तो लगदा त्या सालीं इंग्लंडांत कागदासाठीं वापरांतच नव्हता. या बनावट आवृत्त्यांचा माग थेट वाइजपर्यंत पोंचला. लोक पुस्तक वाचीत असते तर ही लबाडी इतकीं वर्षें खपली असती काय, हा प्रश्न मी विचारतों. दुर्मिळता हाच गुण ठरला कीं ती कारखान्यांत तयार होऊं लागते.

हें सगळें मी निलंग्यास बसून लिहितों, हेंही कारणाशिवाय नाहीं. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत आणि १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होता. लातूर जिल्हा तर १९८२ चा. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणही उर्दूंतून. सुदाम्याचे पोहे प्रथम वाढले गेले तेव्हां लातुरास आगगाडी नव्हती; बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ तेथें पोंचला १९११ सालीं, आणि तेथून पुढें निलंग्यापर्यंत बैलगाडीच. अशा मुलुखांत एखादें मराठी पुस्तक आलें तें कोणी तरी मुद्दाम आणलें म्हणून आलें. त्यामुळें आमच्याकडच्या जुन्या प्रतीवर मोडींत घातलेली मालकाची सही, एखादा उर्दू शिक्का, कोणी कोणास वाचावयास दिलें याची पेन्सिलीची नोंद, हीं सारीं इतिहासाचीं साधनें आहेत. ज्या मुलुखांत कचेरीची भाषा एक आणि चुलीपुढची दुसरी, तेथें कोल्हटकरांचा उपहास कोणीं वाचला, याचें उत्तर पुण्यामुंबईच्या प्रतींत सांपडणार नाहीं.

आणि या प्रती उरल्या किती? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें औसा-निलंगा भागांतील दगडमातीचीं घरें बसलीं. जेथें माणसांचे हिशेब लागत नव्हते तेथें माळ्यावरच्या पेट्यांची मोजदाद कोण करणार? तें दैवाचें झालें. परंतु दैवानें ठेविलें त्याचें आम्हीं काय केलें? आमच्याच बाजूच्या एका वाचनालयानें (नांव सांगत नाहीं, एकच असतें तर सांगितलें असतें) जागा नाहीं म्हणून जुन्या पुस्तकांचें निर्लेखन केलें. यादी मागितली तर यादी ठेविलेली नव्हती. वजनाची पावती मात्र होती. स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांसाठीं जागा हवी, हें कारण मला दाखविण्यांत आलें, आणि तें खोटें नव्हतें. पोरांना नोकऱ्या हव्यात, त्यांना ती खोली मिळावी, याला माझी ना नाहीं. रद्दीवाल्याच्या तागडींत घालण्यापूर्वीं एका माणसानें दोन दिवस बसून पहिलें पान तरी पाहावें, एवढीच माझी मागणी होती.

संग्राहक यावर विजयी मुद्रेनें म्हणतील: पाहा, आम्ही कपाटांत ठेविलें म्हणून तरी वांचलें! यांत तथ्य आहे, आणि त्यापुरते मी त्यांचे आभारही मानतों. परंतु वांचलें किती काळ? त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. शाई फुटूं नये म्हणून त्यास तुरटी व राळ यांची खळ दिलेली. त्यांतून कालांतरानें आम्ल तयार होतें, कागद प्रथम पिंवळा, मग तांबूस पडतो, आणि शेवटीं घडीवर मोडतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यांत ही क्रिया अधिकच झपाट्यानें चालते. कांच वाळवीस अडवील; कागदाच्या पोटांतल्या आम्लास ती अडवूं शकत नाहीं. न उघडलेली प्रतही मरते, फक्त मालकास तें उशिरां कळतें.

कायद्याची आडकाठी म्हणाल तर तीही उरलेली नाहीं. कोल्हटकर १९३४ सालीं वारले. त्यांच्या लेखनावरील स्वामित्व १९८४ अखेर संपलें. गडकऱ्यांचें त्याच्याही कितीतरी आधीं. चिं. वि. जोशी १९६३ सालीं वारले. त्यांच्या हयातींत छापलेलें सारें लेखन २०२४ च्या आरंभापासून सर्वांस मोकळें आहे. खर्चाचें म्हणाल, तर खिशांतल्या ज्या यंत्रावर आपण दिवसभर लग्नकार्याचे फोटो एकमेकांस धाडतों, तेवढ्यावर हें काम होतें.

म्हणून ज्यांच्यापाशीं १९१० चें कडबोळें असेल त्यांनीं निदान इतकें करावें. पुठ्ठा, आंतील नांवाचें पान, प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि मग सर्व पानें, अशीं ओळीनें छायाचित्रें घ्यावीं. शेवटचीं जाहिरातींचीं पानें गाळूं नयेत. किंमत, छापखाना व साल जेथें असेल तें पान स्वतंत्र घ्यावें. मालकाची सही झांकावयाची असल्यास झांकावी, शिक्का झांकूं नये. १९०२ पासूनचे 'विस्तारा'चे सुटे अंक वेष्टनासह असतील तर ते आधीं, कारण ते पुस्तकाहून लवकर मोडतात. प्रत निलंग्यास पाठविण्याची जरूर नाहीं, मीच येईन. पुस्तकास हात लावूं नये अशी अट असेल तर तीही कबूल. पानें आपण उलटावींत, मी समोर बसून छायाचित्रें काढीन.